दोन घुबडं

पहिली थोबाडीत स्क्रिप्टमध्ये नव्हती.

स्क्रिप्टमध्ये असं होतं: पत्रकार टेपरेकॉर्डर चालू करतो आणि विचारतो, "वीस वर्षं तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. का?" थोर कादंबरीकार खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "तुम्ही चहा घेणार?" एवढंच. पत्रकाराचं काम मी करत होतो, थोर कादंबरीकाराचं अण्णा शिराळकर. मी प्रश्न विचारला. अण्णा खिडकीऐवजी डावीकडे बघायला लागले. डावीकडे दिव्याचा स्टँड होता आणि तो धरून बसलेला लाइटमन कान कोरत होता. अण्णांनी त्याच्याकडे फार आशेनं बघितलं. त्यानं कान कोरणं थांबवलं. मग अण्णा माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला.

मला शिट्टी ऐकू आली. पन्हाळ्यावर रेल्वे नाही, त्यामुळे ती माझ्या कानातलीच असणार.

"चहा," अण्णा म्हणाले. "चहा घेणार तुम्ही?"

"घेतो," मी म्हणालो. हे स्क्रिप्टमध्ये होतं.

"कट!" आमचा दिग्दर्शक निनाद खांबेटे ओरडला आणि दोन्ही हात पसरून धावत आला. मला वाटलं माझ्याकडे येतोय, म्हणून मी गाल पुढे केला. तो मला ओलांडून गेला आणि अण्णांच्या पायावर पडला.

"अण्णा! त्या माणसाचा वीस वर्षांचा राग एका थोबाडीत! मला लिहिताना सुचलंच नव्हतं हे!"

"सुचतं एकेक," अण्णा म्हणाले.

"इंद्या, तू बरा आहेस ना?"

"काय?" मी विचारलं.

"बरा आहे तो," निनाद म्हणाला. "पुढचा शॉट!"

माझं नाव इंद्रजित हुपरीकर. म्हणजे ज्यानं इंद्राला जिंकलं तो. मी तोपर्यंत फक्त एकांकिका स्पर्धेतली उत्तेजनार्थ बक्षिसं जिंकली होती, तीही विभागून. हा माझा पहिला सिनेमा. नाव 'मौनाची मुलाखत'. अख्खा सिनेमा पन्हाळ्यावरच्या भाड्याच्या बंगल्यातल्या एका खोलीत घडायचा: एक पत्रकार, एक थोर कादंबरीकार, एक दुपार आणि एक प्रश्न, लिहिणं का थांबवलं? अण्णा शिराळकर म्हणजे रंगभूमीवरचा वाघ. त्यांचा आवाज नाट्यगृहाच्या बाहेर रिक्षावाल्यांना ऐकू जायचा आणि ते मीटर न टाकता ऐकत थांबायचे, असं माझे वडील सांगायचे. अशा माणसासमोर खुर्ची टाकून बसायचं म्हणजे माझ्यासारख्या पोराचं भाग्यच होतं. भाग्याला हात असतात हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी घरी फोन केला.

"मारलं म्हणजे? खरं?" वडिलांनी विचारलं.

"खरं."

"पिक्चरात मार खायला तिकडं कशाला गेलास? घरात फुकट होता की."

आमचं हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम. मी तिथं बसावं अशी त्यांची इच्छा, आणि मी तिथं बसू नये अशी माझी. बाकी आमच्यात वाद नव्हता. फक्त एवढंच ठरलं होतं की हा सिनेमा मी पुरा करायचा, आणि तो हातचा गेला तर मुकाट्यानं ऐरणीवर यायचं. त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. माझ्या जागी यायला कोल्हापुरातली निम्मी पोरं गाल घेऊन तयार होती.

निनाद सिनेमा पहिल्या प्रसंगापासून क्रमानं चित्रित करत होता. "मला पात्रांचा प्रवास हवाय," तो म्हणायचा. माझ्या पात्राचा प्रवास असा झाला: थोबाडीनंतर अण्णांनी गरम चहाची बशी माझ्या शर्टावर रिकामी केली. बालपणाबद्दल विचारलं तेव्हा टेबलाचा खण ढकलून बंद केला, त्यात माझी बोटं होती. प्रेमप्रकरणाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी काठीनं माझी नडगी शोधली आणि ती त्यांना पहिल्याच प्रयत्नात सापडली. एकदा टेपरेकॉर्डरची वायर माझ्या गळ्याभोवती गुंडाळून ते बराच वेळ विचार करत उभे राहिले. माझा रंग बदलत चालला तसं त्यांना वाक्य आठवलं... म्हणजे तेव्हा मला वाटलं, सुचलं.

"साहित्य म्हणजे काय हो शेवटी!" ते गरजले आणि वायर सोडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खाली पडल्या पडल्या.

अण्णा दर वेळी फटका द्यायच्या आधी डावीकडे बघायचे. ते मी पहिल्या दिवसापासून टिपलं होतं आणि ती त्यांची शैली आहे असं समजून रात्री आरशासमोर गिरवलंही होतं. कट झाला की ते एवढे प्रेमळ व्हायचे की राग धरणं कठीण. "बाळा, लागलं का रे?" ते सगळ्यांनाच बाळा म्हणायचे. मला, निनादला, मेकपच्या रेश्माताईंना, आणि कोल्हापूरहून निर्माते आले तेव्हा त्यांनाही.

"आजपासून तुझा मेकप बंद," एका सकाळी रेश्माताई माझी हनुवटी धरून म्हणाल्या. "मी रंगवायचं ते अगुदरच रंगलंय. ह्यो जांभळा मला डबीतनं कधी जमला नसता बघ."

"ताई, त्यांचं माझ्याशी काही वैर आहे का?"

"वैर असतं तर एवढ्या मायेनं मारलं नसतं. ऊठ, दुसरा गाल दाखीव."

निनादनं स्क्रिप्ट बदलून टाकलं. आता शेवटच्या प्रसंगात थोर कादंबरीकार पत्रकाराच्या डोक्यात पुरस्काराची मूर्ती घालणार होते. मूर्ती म्हणून त्यानं पितळेचं घुबड आणलं. वीतभर उंच, आणि खाली आपटलं की फरशी बदलावी लागेल एवढं वजन.

अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं. "घुबड? पुरस्कार म्हणून घुबड कोण देतो रे बाळा? घरावर बसलं तरी आपण शांती करतो."

"पाश्चात्त्यांत ते ज्ञानाचं प्रतीक आहे, अण्णा."

"मग पाश्चात्त्यांच्या डोक्यात घाला की," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसरं घुबड स्पंजचं होतं, वरून पितळी रंग दिलेलं. निनादची योजना अशी: अण्णा बोलता बोलता खरं घुबड टेबलावर आपटतील, म्हणजे प्रेक्षकांना त्याचं वजन कळेल. मग लांबलचक उत्तर. शेवटी पत्रकार एक आगाऊ प्रश्न विचारतो, अण्णा वळतात, पुस्तकांच्या चळतीमागचं स्पंजचं घुबड उचलतात आणि हाणतात. कॅमेरा अण्णांच्या पाठीमागे. अख्खा प्रसंग एका दमात, मध्ये कट नाही. "कट केला तर सत्य तुटतं," निनाद म्हणाला.

रेश्माताईंनी दोन्ही घुबडं शेजारी ठेवली आणि मला दारापर्यंत मागे नेलं.

"हितनं सांग, खरं कंचं आन् खोटं कंचं?"

"नाही कळत."

"त्या म्हाताऱ्याला चिडल्यावर कळंल?"

मी हसलो. ओठ फाटलेला असल्यामुळे ते रडल्यासारखं दिसलं असावं, कारण त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली.

त्या दुपारी, शेवटच्या प्रसंगाआधी, अण्णा व्हरांड्यात एकटेच बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, थोडी ओळख वाढवावी. ओळखीच्या माणसाच्या डोक्यात घुबड घालताना माणूस एकदा तरी विचार करतो.

"ये बाळा. जेवलास?"

"जेवलो. अण्णा, एक तक्रार आहे. इतका मार खाल्ला मी तुमचा. बायकोनंसुद्धा नावानं हाक मारली असती एव्हाना. तुम्ही आपले बाळा बाळा. एकदा नावानं हाक मारा की."

अण्णा हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर विसरून ते डावीकडे बघायला लागले. डावीकडे बोगनवेल होती. तिच्याकडे त्यांनी फार आशेनं बघितलं. आणि मग त्यांचा उजवा हात वर आला.

मी खुर्चीसकट मागे उडालो. हात हवेतच थांबला. अण्णा त्या हाताकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा तरी चुकून त्यांच्याकडे राहून गेलाय. मग त्यांनी तो खाली आणला आणि दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून ठेवला.

"बस," ते म्हणाले. "मारत नाही."

मी बसलो. जरा लांब.

"आमच्या नाटक कंपनीत बाबूराव प्रॉम्प्टर होता. डाव्या विंगेत. वाक्य अडलं की तिकडं नुसतं बघायचं, की बाबूरावच्या ओठांवर ते हजर. प्रेक्षकाला वाटायचं, अण्णा काय पॉज घेतात! ते पॉज म्हणजे बाबूराव पान थुंकून येईपर्यंतचा वेळ. इथं विंगच नाही रे."

"कधीपासून होतंय हे?"

"कधीपासून ते आठवत नाही," अण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. काय करणार, वाक्यच तसं होतं.

"आणि मारणं?"

"पहिल्यांदा घाबरून हात उठला. समोर तू प्रश्न विचारून बघत बसलेला, आणि माझ्या डोक्यात नुसतं पांढरं. हात उगारला की सगळी गप्प होतात. अभिनय म्हणतात त्याला. तेवढ्यात एखादं वाक्य सापडतं. नाहीतर माझ्या तोंडातून काहीच येत नाही हे दिसेल ना लोकांना. शिराळकराच्या तोंडातून काही येत नाही." त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. "वाईट वाटतं रे. पण मारलेलंही दुसऱ्या दिवशी सकाळी आठवत नाही. तुझं तोंड बघितलं की कळतं."

"निनादला सांगूया?"

"सांग. डोकं तुझं आहे. तो मला गाडीत बसवून सन्मानानं घरी पाठवेल. मग नाटक नाही, सिनेमा नाही, शाल आणि श्रीफळ. ते शेवटचं भाषण मला एकदाच म्हणायचंय. पुरं. एकदाच."

निनाद आतून ओरडला, "लाइट तयार! अण्णा! इंद्या!"

मी उठलो. खरं सांगायचं तर मी निनादला सांगणार होतो. दारापर्यंत गेलोही. निनाद टेबलावर दोन घुबडं मांडत होता, एक पुढे, एक चळतीमागे. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय रे?"

"काही नाही," मी म्हणालो. "छान दिसतायत."

प्रसंग सुरू झाला. अण्णांनी पितळी घुबड उचलून टेबलावर आपटलं. ठण्ण! टेबलाची काच तडकली. मी प्रश्न विचारला, "लिहिणं का थांबवलंत?" त्यावर पानभर भाषण होतं. थोर कादंबरीकाराची बायको आजारी असते. तो बाहेरच्या खोलीत बसून तिच्यावरच कादंबरी लिहीत असतो. आत ती पाणी मागते आणि हा बाहेर तिचं मरण लिहीत राहतो.

"त्या दिवशी," अण्णा म्हणाले. आणि डावीकडे बघितलं.

त्यांचा हात टेबलावरून सरकायला लागला. घुबडाकडे. पितळी.

"त्या दिवशी आतल्या खोलीत वहिनी होत्या ना?" मी विचारलं. हा प्रश्न कुठल्याही स्क्रिप्टमध्ये नव्हता.

अण्णांनी मान वळवली. "आतल्या खोलीत ती होती," ते म्हणाले. "आणि मी बाहेर होतो. मध्ये फक्त एक पडदा."

पुढे शांतता. हात घुबडावर.

"त्यांनी काही मागितलं का? पाणीबिणी?"

"पाणी!" अण्णा असे म्हणाले की लाइटमनच्या हातातला स्टँड हलला. "पाणी मागत होती ती! आणि मी म्हटलं, एवढा परिच्छेद होऊ दे."

पत्रकारानं उत्तर समोरच्याच्या तोंडात घालू नये म्हणतात. मी घास भरवत होतो. एक अडला की दुसरा. "म्हणजे परिच्छेद झाला का?" "मग हाका थांबल्या का?" "तुम्हाला आधी काय वाटलं, बरं वाटलं?" आणि दर प्रश्नाला अण्णा उठून उभे राहत होते, बसल्या जागी. वाक्य निनादचं होतं, पण कुठून येत होतं कोण जाणे. "हो! बरं वाटलं! शांतता मिळाली म्हणून बरं वाटलं मला!" कोपऱ्यात रेश्माताई पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या.

राहिला फक्त फटका. अण्णांचा हात अजून पितळी घुबडावरच होता. तो त्यांनी काढून चळतीमागे न्यायला हवा होता. नेत नव्हते.

मी पुढे वाकलो आणि त्यांच्या हाताखालून घुबड काढून घेतलं. "बघू का हे?" मी म्हणालो. "जड आहे हो."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग घुबडाकडे. फार वेळ. निनादला वाटलं, काय पॉज!

"जड आहे," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडेच राहू द्या."

मी ते मांडीवर घेऊन शेवटचा प्रश्न विचारला. "मग ती कादंबरी छापलीत का?"

"छापली. तुमच्या मांडीवर आहे ते तिचंच बक्षीस."

ते वळले, चळतीमागून घुबड काढलं आणि दात ओठ खाऊन माझ्या डोक्यात घातलं.

स्पंजचं घुबड माझ्या कपाळावर आदळलं, कमरेत वाकलं, त्याच्या चोचीनं माझ्या नाकाला गुदगुल्या केल्या आणि ते पुन्हा सरळ झालं. आवाज आला तो उशी झटकल्यासारखा. मला हसू फुटायच्या बेतात होतं. अण्णांच्या खांद्यामागून मला निनादचा चेहरा दिसला. त्याचं तोंड 'क' म्हणण्यासाठी उघडत होतं. कट. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. अण्णांनीही ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्यांच्या डोळ्यांत पांढरं पसरताना मी बघितलं.

मी मांडीवरचं पितळी घुबड दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच्या कपाळात घातलं.

ठण्ण.

मागून फक्त अण्णांची पाठ, त्यांचा खाली आलेला हात आणि खुर्चीवरून कोसळणारा मी, एवढंच दिसलं. पडता पडता मी पितळी घुबड टेबलाखाली सरकवलं. आयुष्यातला माझा सर्वांत बारकाईचा अभिनय तोच आणि तोच कॅमेऱ्यात नाही.

"कट," निनाद पुटपुटला. तो रडत होता. "ओके. ओके आहे. आवाज काय आला! स्पंजचा एवढा आवाज?"

"चांगल्यातला स्पंज हाय," रेश्माताई माझ्याजवळ गुडघे टेकत म्हणाल्या.

"आणि रक्त? रक्त कधी लावलंत?"

"मघाशीच."

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हटलं, घुबडानं मारलं. त्यांनी धनुर्वाताच्या इंजेक्शनबरोबर आणखी एक दिलं.

पुढच्या वर्षी पुण्यात अण्णांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी लिहिलं, हिंसा ही शिराळकरांच्या मौनाची भाषा आहे. माझ्याबद्दल लिहिलं, सहकलाकारानं ठीक साथ दिली.

अण्णांना त्यांच्या मुलीनं हाताला धरून मंचावर आणलं. वाळले होते. हातात पुरस्कार: संगमरवरी चौथरा आणि वर धातूची ज्योत, चांगली वजनदार. सूत्रसंचालकाला हौस. त्यानं मलाही वर बोलावलं.

"अण्णा, यांना ओळखलंत ना? ज्यांना तुम्ही अख्खा सिनेमाभर बदडलंत! यांच्याविषयी दोन शब्द!"

सभागृह हसलं. अण्णा माझ्याकडे बघून हसले, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग त्यांनी डावीकडे बघितलं. डाव्या विंगेत एक मुलगी पुष्पगुच्छ घेऊन उभी होती. तिच्याकडे त्यांनी फार आशेनं बघितलं.

ज्योत वर येऊ लागली.

पहिल्या रांगेतल्या लोकांनी मोबाइल काढले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. मी मागे सरलो नाही. सूत्रसंचालकाच्या हातातला माइक घेतला आणि सिनेमातल्यासारखा अण्णांसमोर धरला.

"सर, एकच प्रश्न," मी म्हणालो. "तो इंद्रजित हुपरीकर म्हणून जो पोरगा होता, त्याला तुम्ही शेवटी खरंच मारलं होतंत का हो?"

हात थांबला.

"इंद्रजित हुपरीकर!" अण्णा गरजले. मला वाटतं बाहेर रिक्षा थांबल्या असतील. "त्याला? शेवटी मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही."

लोक हसून हसून लोळले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजात अण्णा माझ्याजवळ सरकले, पुरस्कार माझ्या दोन्ही हातांत दिला, आणि माझ्या कपाळावरच्या व्रणावर अंगठा ठेवला.

"जड आहे," ते माइकपासून तोंड वळवून म्हणाले. "तुझ्याकडेच राहू दे."